आवारातील देशी झाडे आणि परागवाहक कीटक

पावसाळ्याच्या तोंडावर शाळा, ग्रामपंचायती व शासकीय कार्यालये यांच्या आवारांत रोपे लावली जातात. लवकर वाढणाऱ्या, निगा न मागणाऱ्या रोपांना साहजिकच पसंती मिळते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, तर गिरिपुष्प मध्य अमेरिकेतील. दोन्ही सुरेख फुलतात. परंतु फुले आली म्हणजे कीटकांची सोय झाली, असे नव्हे.

फुलपाखरांना मधुरसाखेरीज अंडी घालण्यासाठी ठराविक वनस्पती लागतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेल्या नीलवंताच्या अळ्या लिंबू, पपनस, माकडलिंबू अशा लिंबूवर्गीय झाडांच्या पानांवर वाढतात. बिबळ्या कडवा हे फुलपाखरू रुईवर अंडी घालते. रुईच्या चिकातील विष अळीच्या अंगात साठते आणि पुढे फुलपाखराचे पक्ष्यांपासून रक्षण करते. आवार स्वच्छ करताना नेमकी हीच रुई प्रथम उपटली जाते! लिंबाची पाने कुरतडलेली दिसताच फवारणी होते ती वेगळीच. वास्तविक फुलपाखरांसाठी लावलेल्या झाडाची पाने खाल्ली जाणे, ही ते झाड कामी आल्याची खूण होय.

हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. भोपळा, काकडी, दोडका, कारले यांची नर व मादी फुले निरनिराळी असतात; मधमाश्यांनी पराग वाहून नेला नाही, तर वेल फुलतो पण फळ धरत नाही. पीक नसलेल्या दिवसांतही या माश्यांना खाद्य मिळाले पाहिजे. म्हणून झाडे निवडताना बहराचा क्रम पाहावा. पळस, पांगारा व काटेसावर पानगळीनंतर फुलतात. त्यांच्यावर सूर्यपक्षी आणि मैनाही येतात. पुढे जांभळाचा मोहोर, त्यानंतर राज्यपुष्प ताम्हण. उंबराच्या फळांवर राज्यपक्षी हरियाल येतो. मात्र वर्गखोल्यांच्या भिंतीलगत उंबर लावणे शहाणपणाचे नाही, त्याला गायरानाची कड बरी.

अनेक एकट्या राहणाऱ्या माश्या उघड्या मातीत बिळे करतात, तर भुंगे वाळलेले लाकूड पोखरून घर करतात. तेव्हा सर्वच आवार फरसबंद न करता एक कोपरा मोकळा ठेवावा व तेथे वाळका ओंडका राहू द्यावा. खर्चही फारसा नाही. पांगाऱ्याच्या जाड फांद्या पावसाळ्याच्या आरंभी रोवल्या तरी रुजतात, आणि ताम्हणाचे बी विद्यार्थ्यांना गोळा करता येते.