बँकेचा परवाना रद्द झाला, आता ठेवीचं काय?

सहकारी बँकेचा परवाना रद्द झाल्याची बातमी आली की मोहल्ल्यात पहिला प्रश्न एकच असतो : आपले पैसे बुडाले का? बहुतेक ठेवीदारांच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असं आहे. पण त्यात काही अटी आहेत, आणि त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

मुंबईच्या सीकेपी सहकारी बँकेचं उदाहरण घेऊ. वाटलेली कर्जं थकली. मग बँकेची देणी तिच्या मालमत्तेपेक्षा जास्त झाली. २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. म्हणजे खात्यात पैसे दिसतात, पण हवे तेवढे काढता येत नाहीत. अशी सहा वर्षं गेली. शेवटी २८ एप्रिल २०२० रोजी परवाना रद्द झाला, तोही लॉकडाऊनमध्ये. मात्र ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल, असं रिझर्व्ह बँकेने तेव्हाच सांगितलं होतं.

हे शक्य झालं ते ठेव विम्यामुळे. डीआयसीजीसी हे रिझर्व्ह बँकेचंच महामंडळ आहे. त्याचा हप्ता बँक भरते, आपल्याला काही द्यावं लागत नाही. विम्याची मर्यादा आधी एक लाख होती, ती ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. सीकेपीचा परवाना तीनच महिने आधी गेला असता तर किती घरांचं गणित बिघडलं असतं, विचार करा.

हे पाच लाख मोजतात कसे, तिथेच लोकांची फसगत होते. एका माणसाच्या एकाच बँकेतल्या सगळ्या शाखांमधली बचत, चालू खातं, मुदत ठेव अशी सगळी बेरीज धरली जाते. भेंडीबाजारात चार लाख आणि मुंब्र्यात चार लाख, म्हणून आठ लाख सुरक्षित, असं नाही. मुद्दल आणि व्याज मिळूनच पाच लाख. आपल्यातले अनेक जण व्याज नको म्हणून पैसे चालू खात्यात ठेवतात. त्यालाही विमा लागू आहे. पती-पत्नीचं संयुक्त खातं मात्र वेगळं मोजलं जातं. दुसऱ्या बँकेतली ठेवही वेगळी.

मशीद, मदरसा किंवा जमातीच्या पैशाबद्दल आम्हाला जास्त काळजी वाटते. ट्रस्टच्या नावावर वीस लाख असले तरी एका बँकेत विमा पाच लाखांचाच. आणि ही रक्कम खजिनदाराच्या स्वतःच्या नावावर असेल तर ती त्याच्या घरच्या पैशातच मिसळून मोजली जाण्याची भीती. ट्रस्टींनी पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्यावाच.

परवाना गेल्यावर सहकार खातं अवसायक नेमतं. तो खातेदारांची यादी महामंडळाला पाठवतो, त्यानंतर दावे मंजूर होतात. २०२१ च्या कायदा दुरुस्तीमुळे आता परवाना रद्द व्हायची वाट पाहावी लागत नाही. व्यवहार थांबवणारे निर्बंध आले की साधारण ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळावी, अशी तरतूद आहे. त्यासाठी अर्ज, केवायसीची कागदपत्रं आणि दुसऱ्या बँकेतलं स्वतःचं खातं तयार ठेवा. ‘लवकर काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक पैसाही देऊ नका.

पाच लाखांवरच्या रकमेचं काय? अवसायक थकीत कर्ज वसूल करील, मालमत्ता विकील, तेव्हा जे हाती येईल त्यातून. निकाहासाठी किंवा हजसाठी साठवलेला पैसा असा वर्षानुवर्षं अडकू शकतो. बँकेचे शेअर्स घेतले असतील तर त्यांना विमा नाही.

त्याच बँकेचं कर्ज असेल तर ते माफ होत नाही. तुमच्या ठेवीतून ते वळतं करून उरलेलीच रक्कम हाती येते.

आणि गल्लीतली पतसंस्था? पाटीवर ‘सहकारी’ लिहिलेलं असलं तरी ती बँक नव्हे. तिथल्या ठेवीला डीआयसीजीसीचा विमा नाही. तुमची बँक विमाधारक आहे का, ते महामंडळाच्या वेबसाइटवरच्या यादीत पाहता येतं.