तेवीस गुणांचा तंटा

गेल्या पावसाळ्यांत मैदानावर घोटाभर चिखल झाला असतां आमच्या नववीच्या वर्गांत एक तंटा उपस्थित झाला. बदलापुराहून येणाऱ्या एका विद्यार्थ्यानें मुंबई सिटी फुटबॉल क्लबाची २०१४ सालापासून २०२४-२५ अखेरची हंगामवार नोंद एका मोठ्या कागदावर उतरून वर्गाच्या भिंतीवर लाविली होती. प्रत्येक हंगामास एक ओळ, व त्या ओळींत सामने, गुण आणि क्रमांक. उल्हासनगरचा त्याचा स्नेही ती वाचीत असतां मध्येंच थांबला व म्हणाला, "अरे, हें चुकलें. २०१६ ला २३ गुण आणि पहिला क्रमांक. पुढच्याच ओळींत पुन्हां २३ गुण आणि सातवा? एक आंकडा खोटा असला पाहिजे." दोघेही आमच्याकडे आले. दोन्ही आंकडे खरे आहेत असें आम्हीं सांगितलें. तंटा मिटावा, तो उलट अधिकच वाढला.

योगायोग असा कीं, त्याच आठवड्यांत प्रगतिपुस्तकें घरीं गेलीं होतीं. शंका काढणाऱ्या त्या उल्हासनगरच्या मुलाचे वडील आम्हांस भेटावयास आले. ते अंबरनाथच्या एका कारखान्यांत पाळीवर काम करितात. रात्रपाळी संपवून तसेच आले होते. दोन्ही चाचण्यांत मुलाच्या गुणांची बेरीज तंतोतंत तेवढीच, परंतु क्रमांक तिसऱ्यावरून नवव्यावर गेला होता. "सर, हा फुटबॉलामुळें मागें पडला. उद्यांपासून त्याचे बूट कुलपांत," असें ते म्हणाले. मुलगा मान खालीं घालून उभा होता. आम्हीं तिघांना त्या भिंतीवरच्या कागदापुढें उभें केलें. तेथें जें बोलणें झालें तें इतर विद्यार्थ्यांस व पालकांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें थोडें विस्तारानें देत आहों.

प्रथम गुण मिळतात कसे तें पाहूं. सामना जिंकल्यास ३ गुण, बरोबरी झाल्यास प्रत्येकीं १, हरल्यास कांहीं नाहीं. हा नियम सनातन नव्हे. फुटबॉलाची पहिली लीग इंग्लंडांत १८८८ सालीं सुरू झाली, त्या वेळीं विजयास २ च गुण होते, आणि तेथें ३ गुणांची रीत १९८१ सालापासून पडली. पहिल्याच १८८८-८९ च्या हंगामांत प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबानें २२ सामन्यांपैकीं १८ जिंकले, ४ बरोबरींत सोडविले, एकही गमाविला नाहीं. त्याच्या नांवावर ४० गुण लागले. आजच्या रीतीनें मोजले तर ते ५८ होतात. म्हणजे गुण हें जणूं नाणें आहे. कोणत्या काळचें व कोणत्या टांकसाळींतलें हें विचारल्यावांचून त्याची किंमत कळत नाहीं. (प्रेस्टननें पुढच्या वर्षींही अजिंक्यपद राखिलें, आणि त्यानंतर त्याला तें पुन्हां कधींच मिळालें नाहीं. लांबलचक कोष्टकाच्या माथ्यावर दोन सोन्याच्या ओळी, आणि खालीं सव्वाशेंहून अधिक वर्षें नुसती वाट पाहणें!)

आतां आपल्या कागदाकडे वळूं. इंडियन सुपर लीग २०१४ सालीं सुरू झाली तेव्हां तींत ८ क्लब होते. प्रत्येकानें दुसऱ्या प्रत्येकाशीं दोनदां खेळावयाचें, एकदां स्वतःच्या मैदानावर व एकदां परक्याच्या; म्हणून प्रत्येकास सामने १४. पुढें क्लब १० झाले तेव्हां सामने १८, ११ झाले तेव्हां २०, १२ झाले तेव्हां २२, आणि २०२४-२५ सालीं १३ झाले तेव्हां २४. क्लबांच्या संख्येंतून एक वजा करून दुपटीनें वाढवा, कीं सामने मिळाले. सहावीच्या मुलासही हें साधेल. यांतच तंट्याचें अर्धें उत्तर आहे. २०१६ चे २३ गुण १४ सामन्यांतले आणि २०१७-१८ चे २३ गुण १८ सामन्यांतले. भागाकार केला तर पहिल्या वेळीं सामन्यामागें १.६४ आणि दुसऱ्या वेळीं १.२८.

उरलेलें अर्धें उत्तर इतर क्लबांच्या हातीं होतें. २०१६ सालीं सारेच एकमेकांच्या पायांत पाय घालीत होते. पहिल्यास २३, दुसऱ्यास २२, तिसऱ्यास २१, आणि अगदीं शेवटच्या आठव्यासही १४. वरपासून खालपर्यंत अवघें ९ गुणांचें अंतर! २०१७-१८ सालीं मात्र बंगळूर नव्यानेंच आला आणि ४० गुणांपर्यंत जाऊन पोंचला. शेवटच्यास ११ मिळाले. म्हणजे दोन टोकांत २९ गुणांचें अंतर पडलें. क्रमांक हा आपल्या पराक्रमाचा आंकडा दिसतो खरा. त्यांत शेजाऱ्यांचा पराक्रमही मिसळलेला असतो. येथें वडिलांनीं प्रथमच मान हलविली. मुलाकडे मात्र अद्याप पाहिलें नाहीं.

पहिल्या दोन ओळींतही हाच प्रकार आहे. २०१४ सालीं १६ गुण व सातवा क्रमांक, २०१५ सालीं १६ च गुण व सहावा. परंतु त्या ओळींच्या पोटांत काय काय दडलें आहे पाहा. लीगचा अगदीं पहिला सामना मुंबईनें कलकत्त्यास ०-३ असा गमाविला, आणि लगेच पुढच्या सामन्यांत पुण्यास ५-० असें झोडपलें; आंद्रे मोरित्स यानें त्यांत तीन गोल केले. २०१५ सालीं सुनील छेत्री मुंबईकडून खेळत होता. त्यानें ईशान्येच्या संघाविरुद्ध एकाच सामन्यांत तीन गोल केले, आणि या लीगमध्यें असें करणारा तो पहिला भारतीय ठरला. त्याच हंगामांत गोव्यानें मुंबईवर सात गोल चढविले व एकही घेतला नाहीं. हर्ष आणि लाज दोन्ही पोटांत घालून ओळ म्हणते, सोळा.

२०१६ ची ओळ पुढें वाचतां आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. पहिला क्रमांक आला, तरी करंडक आला नाहीं. या लीगमध्यें तेव्हां कोष्टकांतील वरचे संघ पुढें बाद-फेरींत उतरत, आणि करंडक त्या फेरीच्या विजेत्यास मिळे. दिएगो फोर्लानसारखा विश्वविख्यात खेळाडू पदरीं असतां मुंबई उपांत्य फेरींत कलकत्त्याकडून ३-२ अशा एकंदर फरकानें बाद झाली. २०१८-१९ सालीं ३० गुण, तिसरा क्रमांक. सामन्यामागें १.६७, म्हणजे २०१६ च्या पहिल्या क्रमांकाहूनही किंचित् सरस! परंतु उपांत्य फेरींत घरच्याच मैदानावर गोव्यानें ५-१ असें लोळविलें. परतीच्या सामन्यांतल्या १-० अशा विजयानें कांहीं भरून निघालें नाहीं. २०१९-२० सालीं २६ गुण व पांचवा क्रमांक. याच हंगामांत, नोव्हेंबर २०१९ मध्यें, इंग्लंडमधील मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या उद्योगसमूहानें मुंबईच्या क्लबाचा ६५ टक्के हिस्सा विकत घेतला. पैसा ओतला कीं ओळ सुधारते ही गोष्ट मुलांपासून लपवून ठेवण्यांत आम्हांस अर्थ दिसत नाहीं. परंतु कोष्टकांत पैशाचा रकाना नसतो, एवढें सांगून ठेवावें.

आतां २०२०-२१. त्या सालीं महामारीमुळें सारे सामने गोव्यांत, रिकाम्या मैदानांवर झाले. अंधेरीच्या मैदानावर जाण्यासाठीं बदलापुराहून गाडी पकडून दादरला बदलावी लागते. त्या वर्षीं तो खटाटोपच उरला नाहीं. मुलांनीं सामने घरीं पाहिले, आणि शाळाही त्याच खिडकींतून भरत होती. सर्जिओ लोबेरा यांच्या हाताखालीं मुंबईनें २० सामन्यांत ४० गुण मिळविले. कलकत्त्याच्या मोहन बागानचेही ४० च. आतां निर्णय कसा करावा? या लीगचा तेव्हां नियम असा होता कीं, समान गुण झाल्यास आधीं त्या दोघांतील परस्पर सामने पाहावे. ते दोन्ही मुंबईनें जिंकिले होते. त्यांतला दुसरा तर २८ फेब्रुवारी २०२१ रोजीं, साखळींतील अगदीं शेवटचा. इंग्लंडांत अशा वेळीं गोलांचा फरक पाहतात. २०१२ सालीं मँचेस्टरच्या दोन क्लबांचे ८९-८९ गुण झाले असतां अजिंक्यपद त्यावरूनच ठरलें. मुंबईस साखळीची ढाल मिळाली, आणि १३ मार्च रोजीं फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यांत त्याच मोहन बागानविरुद्ध नव्वदाव्या मिनिटास बिपिन सिंग यानें गोल करून करंडकही आणिला. एकाच हंगामांत ढाल व करंडक दोन्ही मिळविणारा हा पहिलाच क्लब. प्रेस्टनचे ४० आणि मुंबईचे ४० हा योग मुलांना फार आवडला, आणि त्या जुन्या वर्षीं प्रेस्टननेंही लीग व चषक दोन्ही जिंकलीं होतीं हें कळल्यावर तर एकानें बाकच वाजविला.

पुढची ओळ, २०२१-२२: ३१ गुण, पांचवा क्रमांक. वाचणारा म्हणेल, घसरण झाली. परंतु त्याच वर्षीं एप्रिलमध्यें रियाध येथें आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्यें मुंबईनें इराकच्या हवाई दलाच्या संघास २-१ असें हरविलें, आणि त्या स्पर्धेंत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळविला. तो विजय आमच्या भिंतीवरच्या कागदांत कोठेंही नाहीं, कारण तो कागद केवळ इंडियन सुपर लीगचा.

आणि आतां त्या दोन ओळी, ज्यांपाशीं आम्ही सर्वांत अधिक वेळ थांबलों. २०२२-२३ सालीं पहिले १८ सामने मुंबई हरलीच नाहीं. २० सामन्यांत ४६ गुण, सामन्यामागें २.३. ढाल मिळाली. परंतु उपांत्य फेरींत बंगळूरनें रोखिलें, आणि पहिल्या लढतींतला एकमेव गोल कोणी केला? ज्यानें २०१५ सालीं मुंबईचा सदरा घातला होता त्याच सुनील छेत्रीनें! परतीची लढत मुंबईनें २-१ अशी जिंकली, परंतु पेनल्टींवर ८-९ असा पराभव पदरीं आला. त्यानंतर २०२३-२४ मध्यें २२ सामन्यांत ४७ गुण. या कागदावरील सर्वांत मोठा आंकडा हाच, आणि त्यापुढें लिहिलें आहे, दुसरा. शेवटच्या दिवशीं, १५ एप्रिल २०२४ रोजीं, कलकत्त्यास नुसती बरोबरी झाली असती तरी ढाल मुंबईकडे राहती; मोहन बागाननें २-१ असें जिंकून ४८ गुण केले. एकोणीस दिवसांनीं त्याच मैदानावर, त्याच संघाशीं अंतिम सामना झाला. प्रथम गोल मोहन बागानचा, आणि नंतर मुंबईचे तीन. ढाल गेली, करंडक आला. इंग्लंडांतही २०१८-१९ सालीं लिव्हरपूलनें ९७ गुण मिळविले व दुसरा क्रमांक घेतला, आणि त्यापूर्वीं १९९६-९७ सालीं मँचेस्टर युनायटेड ७५ गुणांवर अजिंक्य झाला होता.

२०२४-२५ ची ओळ साधी आहे: २४ सामने, ३६ गुण, सहावा क्रमांक, आणि बाद-फेरींत बंगळूरकडून ०-५. बदलापूरच्या विद्यार्थ्यानें ती ओळ लहान अक्षरांत लिहिली होती. आम्हीं त्याला विचारलें, इतर ओळींहून ही लहान कां? तो हंसला. वास्तविक ज्या क्लबाची ओळ पुढें लिहिली जाण्याची आशा आहे त्यानें लाजूं नये. मुंबईचाच महिंद्रा युनायटेड हा क्लब २००५-०६ सालीं राष्ट्रीय लीगचा अजिंक्यवीर होता. २०१० सालीं तो बंदच करण्यांत आला. त्याच्या कोष्टकास आतां वाईट ओळही लाभावयाची नाहीं.

इतकें झाल्यावर वडील कागदाच्या अगदीं जवळ गेले आणि ४७ वर बोट ठेवून त्यांनीं मुलालाच विचारलें, "मग त्या वर्षीं खेळ चांगला झाला म्हणायचें कीं वाईट?" मुलगा म्हणाला, "बाबा, चांगला. पण २०२२-२३ चा त्याहून चांगला. तेव्हां सामने कमी होते." वडिलांनीं पिशवींतून प्रगतिपुस्तक पुन्हां काढलें, आणि या वेळीं क्रमांकाचा रकाना सोडून विषयवार गुण वाचले. मराठींत व इतिहासांत गुण वाढले होते. गणितांत ११ कमी झाले होते. "हें मात्र शेजाऱ्यांच्या माथीं मारतां येत नाहीं, काय रे?" असें ते म्हणाले, आणि मुलानें नाहीं म्हणून मान हलविली. बुटांविषयीं आमच्यासमोर कांहीं ठरलें नाहीं. तो त्यांच्या घरचा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशीं त्या मुलानें कागदाच्या उजव्या कडेस एक नवा रकाना आंखला आणि प्रत्येक ओळीपुढें गुणांस सामन्यांनीं भागून आलेलें उत्तर लिहिलें. २०२१-२२ च्या ओळींत ३१ भागिले २० याचें उत्तर त्यानें १.६५ असें लिहिलें होतें. बदलापूरच्या स्नेह्यानें तें पाहिलें, कांहीं न बोलतां रबर पुढें केलें, आणि त्यानें तें पुसून १.५५ केलें.