अगाथा ख्रिस्ती : बेपत्ता दिवसांच्या अफवा
३ डिसेंबर १९२६च्या रात्री रहस्यकथा लेखिका अगाथा ख्रिस्ती घरातून निघाल्या. दुसऱ्या दिवशी गिल्डफर्डजवळ त्यांची मोटार बेवारस सापडली आणि अफवांना ऊत आला : नवऱ्यानेच खून केला, किंवा त्यांनीच पुस्तकं खपवण्यासाठी हा बनाव रचला. लेखक आर्थर कॉनन डॉयल यांनी तर अगाथांचा हातमोजा मृतात्म्यांशी संवाद साधणाऱ्या माध्यमाकडे दिला. १४ डिसेंबरला त्या हॅरोगेटच्या हॉटेलात सुखरूप सापडल्या. तिथे त्यांनी आडनाव लावलं होतं ‘नील’, म्हणजे नवऱ्याच्या प्रेयसीचं. त्याच वर्षी आई गेली होती, नवरा घटस्फोट मागत होता. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचं निदान केलं. प्रसिद्धीच्या हव्यासाचा आरोप मला अन्यायकारक वाटतो. आत्मचरित्रातही त्यांनी या प्रकरणावर मौनच पाळलं.