वाचनालयाच्या हाती मोबाइल

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, म्हणजे नाशिककरांचे ‘सावाना’, १८४० सालचे. याच शहरात कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेने २००९ मध्ये पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या वस्तीत नेल्या. पुढे त्या दुबईपर्यंत पोहोचल्या. वाचक येत नसेल तर आपण जावे, हा विचार नाशिकला नवा नाही.

आज वाचक मोबाइलवर आहे. नव्या पुस्तकांची मुखपृष्ठे, व्याख्यानाची वेळ फेसबुकवर टाकली की घरबसल्या कळते. तरी व्हॉट्सअॅपकडे वळताना वाचनालयाचे मन कचरते, आणि ते रास्तच आहे.

कारण व्हॉट्सअॅपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर इतर सगळ्यांना दिसतो. आजारावरचे किंवा घटस्फोटाच्या कायद्यावरचे पुस्तक मागणाऱ्याने ते चारचौघांत का मागावे? काउंटरवर ही मागणी ग्रंथपालापाशीच राहते, आणि तो विश्वास फार मोलाचा आहे. ग्रुपऐवजी व्हॉट्सअॅपचीच ब्रॉडकास्ट यादी केली, तर सभासद एकमेकांना दिसत नाहीत. मात्र वाचनालयाचा नंबर ज्यांनी जतन केला आहे, त्यांनाच निरोप मिळतो.

ग्रंथपालाचा प्रश्न आणखी वेगळा. स्वतःचाच नंबर दिला, की रात्री अकरालाही ‘ते पुस्तक आलं का?’ विचारणा होते. वाचनालयाचा स्वतंत्र फोन आणि उत्तराची ठरलेली वेळ, एवढी सोय तरी कार्यकारिणीने करायला हवी.