पत्र्यावर दगड कशाला?

बुलढाणा जिल्ह्यातील चिखली, मेहकर किंवा लोणारकडच्या एखाद्या गावात जा. घराच्या मागच्या अंगणात टिनाचे शेड दिसेलच. त्यात कुटार, शेतीची अवजारे आणि पेरणीसाठी राखलेले सोयाबीनचे बियाणे असते. छपराकडे पाहिलेत, तर पत्र्यांवर दगड ठेवलेले दिसतील. पत्रे उडू नयेत म्हणून हा उपाय! पण तो कितपत भरवशाचा आहे?

आपल्याकडची जुनी घरे धाब्याची. लाकडांवर मातीचा अर्धा फूट थर धरला, तरी दर चौरस मीटरला 200 किलोग्रॅमहून अधिक वजन होते. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा मात्र दर चौरस मीटरला जेमतेम 4 ते 5 किलोग्रॅम भरतो. धाबे स्वतःच्या वजनाने जागेवर राही. पत्र्याला ते वजन नाही, म्हणून आपण दगड ठेवतो.

आता वारा पत्रा कसा उचलतो ते पाहू. छपराच्या कडेवर आदळलेला वारा वर उसळतो आणि पत्र्यापासून सुटून पुढे जातो. त्यामुळे पत्र्याच्या वरच्या बाजूचा दाब घटतो. आतला दाब त्याहून जास्त असल्याने पत्रा वर ढकलला जातो. वाऱ्याकडचे दार उघडे असेल, तर आतला दाब आणखी वाढतो.

थोडे गणित करू. वाऱ्याचा वेग ताशी 72 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 20 मीटर आहे. हवेची घनता दर घनमीटरला 1.2 किलोग्रॅम. घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले 2, म्हणजे दर चौरस मीटरला 240 न्यूटन. दाबातील फरक एवढाच मानू. 10 फूट लांब व 3 फूट रुंद पत्र्याचे क्षेत्रफळ सुमारे 2.8 चौरस मीटर. म्हणजे त्यावरील बल सुमारे 670 न्यूटन, 68 किलोग्रॅमच्या वजनाइतके! पत्रा 12 किलोग्रॅमचा आणि त्यावर 10 किलोग्रॅमचे 4 दगड, असे एकूण 52 किलोग्रॅम. पत्रा उडणारच! वाऱ्याचा वेग दीडपट झाला, तर बल सव्वादोनपट होते. दगड किती वाढवणार? शिवाय पत्र्याबरोबर तेही खाली येतात. ते कोणाच्या डोक्यावर पडतील, याचा नेम नाही.

तेव्हा पत्रा दाबून नव्हे, बांधून ठेवला पाहिजे. पत्रा हुकांनी आडव्या लोखंडी पाइपाला, पाइप खांबाला आणि खांब जमिनीतील काँक्रीटला पक्का जोडलेला हवा. यांतला एक जरी जोड कच्चा असला, तरी बाकीचे व्यर्थ! कडांना व कोपऱ्यांना ओढ सर्वांत जास्त बसते. तिथे हुक जवळजवळ लावावेत. भिंतीबाहेर पत्रा फार काढू नये. वारा त्याला खालूनही उचलतो.

शेड बांधून झाले की काम संपले, असे मात्र नाही. उन्हाने पत्रा दिवसा प्रसरण पावतो, रात्री आकुंचन पावतो. त्यामुळे नट सैल होतात. छिद्रांभोवती गंज चढतो. म्हणून दर वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आधी मोठ्यांकडून सर्व नट आवळून घ्यावेत व गंजलेले हुक बदलावेत. त्यानंतरच मान्सूनपूर्व वादळांचा जोर वाढतो. पेरणीच्या तोंडावर बियाणे भिजले, तर त्याची उगवणशक्ती जाते आणि घराचे वर्षाचे गणित चुकते.

एक प्रयोग करून पाहा. बुटाच्या खोक्यावर पुठ्ठ्याचे सपाट झाकण नुसते ठेवा आणि समोर पंखा लावा. मग पंख्याकडच्या बाजूला दार कापून पुन्हा पाहा. शेवटी झाकण चारही कोपऱ्यांना दोऱ्याने बांधा. झाकणावर खडे ठेवणे बरे की दोरा, हे तुमचे तुम्हीच ठरवा!