सागरी सहल आणि बालकांची छर्दी

मलकापूर-शेगावची कुटुंबे सुटीत कोकणात गेली की हर्णै-मुरूडला होडीतून डॉल्फिन पाहतात. (डॉल्फिनसह पोहण्याचा खेळ आपल्याकडे नाही, बंदिस्त डॉल्फिनांचे प्रदर्शन केंद्राने २०१३ मध्ये नाकारले, हे उचितच.) ज्या बालकास गाडी लागते त्यास होडीही लागते. नेत्र व अंतःकर्ण यांचे संदेश जुळत नाहीत, म्हणून मळमळ, घाम, वांती. २ ते १२ वर्षे वयात हा त्रास अधिक.

आम्ही प्रवासापूर्वी लघु आहार, चिमूटभर सुंठ खडीसाखरेसह, होडीच्या मध्यभागी आसन व क्षितिजावर दृष्टी सुचवितो. वांतीनंतर लाजामंड किंवा ओआरएस घोटाघोटाने द्यावे. मात्र किनाऱ्यावर उतरूनही वांती थांबेना, ती हिरवी असेल, मूल सुस्त पडले किंवा सहा-आठ तास मूत्रप्रवृत्ती नसेल, तर ते होडी लागणे नव्हे. अशा वेळी औषधविक्रेत्यांनी पुडी न बांधता बालकास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.