सोळा लाखांची फटफटी

पाडवा हा साडेतीन मुहूर्तांतील अर्धा. पूर्वी या दिवशी घरात सोन्याची वेढणी येई, फार तर शिवणाचे यंत्र किंवा रेडिओ येई. हल्ली चाळिशी उलटलेले, घराचे हप्ते बहुतेक फिटलेले, मुलगी कॉलेजात गेलेले अनेक गृहस्थ नवरात्रापासून एका निराळ्याच चिंतेत दिसतात. वर्तमानपत्र वाचल्याचे सोंग करून ते मोटारसायकलींची चित्रे पाहतात. आणि त्यांतही साधी मोटारसायकल नव्हे, तर ‘स्पोर्ट टूरिंग’ नावाची मोठी, घोटीव अंगाची, दोन्ही कुशींना पेट्या लावलेली. अशा गृहस्थांसाठी (आणि त्यांच्या सौभाग्यवतींसाठी) हा लेख आहे.

ही जात मुळात कशी जन्मली ते पाहिल्याशिवाय घ्यावी की न घ्यावी याचा निवाडा होणार नाही. शर्यतीच्या गाडीवर स्वार टाकीवर पालथा पडलेला असतो. शंभर किलोमीटरनंतर मनगटे आणि कंबर त्याला शिव्या देऊ लागतात. उलट निव्वळ प्रवासाच्या गाड्या आरामशीर, पण वळणावर म्हशीसारख्या जड. या दोहोंच्या मधली वाट जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९७६ साली ‘आर १०० आरएस’ या गाडीने ठळकपणे दाखवली. हान्स मूट या आरेखकाने तिला पुढून संपूर्ण आवरण चढवले आणि त्या आवरणाचा आकार इटलीतील पिनिनफारिना यांच्या वाऱ्याच्या बोगद्यात ठरवला गेला. हा खटाटोप कशासाठी? तर वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. ताशी साठला छातीवर झुळूक वाटणारा वारा एकशेवीसला पैलवानासारखा मागे ढकलू लागतो. जर्मनीच्या हमरस्त्यांवर बऱ्याच भागांत वेगाची सक्त मर्यादाच नाही. तिथे सकाळी निघून संध्याकाळी आल्प्सच्या पायथ्याशी पोचणाऱ्याला त्या आवरणाची किंमत कळते.

आता आपण आपल्या अंगणात येऊ.

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ साली पुरा झाला. तिथे दुचाकीला बंदी. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी अखेरपर्यंत खुला झाला. तिथेही दुचाकीला बंदी. वांद्रे-वरळीचा सागरी सेतू, २०२४ चा अटल सेतू, मुंबईचा किनारी रस्ता, सगळीकडे तीच पाटी. म्हणजे ज्या रस्त्यांवर या यंत्राने आपले खरे गुण दाखवावेत, नेमक्या त्याच रस्त्यांच्या तोंडाशी त्याला वळसा घ्यावा लागतो. सोळा लाखांची फटफटी आणि सोळा हजारांची जुनी लुना यांच्यात तो पाटीवाला भेदभाव करीत नाही. सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली, त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. बंदी योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल. परंतु गाडी घेताना ती आहे हे धरूनच चालले पाहिजे.

जिथे जाऊ देतात तिथे काय? २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलीला ताशी ८० ची मर्यादा घातली आहे आणि साध्या रस्त्यावर ६० ची. हजार-अकराशे सीसीची गाडी ८० ची रेघ पहिल्याच गियरमध्ये ओलांडते. उरलेले पाच गियर शोभेचे, असे कोणी म्हणाले तर त्याच्या तोंडाला हात लावता येत नाही.

उदाहरणादाखल कावासाकीची ‘निंजा ११०० एसएक्स’ घ्या. २०२४ च्या डिसेंबरात ती साडेतेरा लाखांच्या आसपास किंमत घेऊन इथल्या बाजारात उतरली. इंजिन १०९९ सीसीचे, वजन २३५ किलोंच्या वर, टाकी १९ लिटरची. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीवरील मोटारसायकलींचा वस्तु-सेवा कर, उपकरासह ३१ टक्के होता तो ४० टक्के झाला, आणि साडेतीनशेपर्यंतच्यांचा १८ वर उतरला. रस्ताकर, विमा, पेट्या, हेल्मेट, जाकीट धरून सोळा लाख म्हणू. वर्षाला तीन हजार किलोमीटर झाले (संसारी माणसाचे त्याहून अधिक क्वचितच होतात) आणि पाच वर्षांनी गाडी नऊ लाखांना गेली, तर घट सात लाखांची. किलोमीटरला ४६ रुपयांहून अधिक झाले, आणि यात पेट्रोलचा थेंबही धरलेला नाही. टॅक्सीने गेलो असतो, हा विचार इथे मनात येतो. तो लगेच काढून टाकावा. हौसेचा हिशेब टॅक्सीशी लावायचा नसतो. पण आकडा मात्र माहीत असावा, कारण घरात तो कोणीतरी विचारणारच.

मग हिच्यात काहीच नाही काय? आहे, आणि ते कबूल केले पाहिजे. दोनपदरी रस्त्यावर उसाच्या ट्रकला मागे टाकताना समोरच्या बाजूला काढलेला प्रत्येक क्षण जोखमीचा. ही गाडी ती जोखीम निम्म्याहून कमी करते. तिचे ब्रेक साध्या गाडीच्या ब्रेकांहून फार वरच्या प्रतीचे. पसरणीच्या घाटात किंवा आंबोली चढताना ती वळणात अशी झुकते की स्वाराचे वय दहा वर्षांनी उतरते. पुणे-बंगळूर हा आठशेवर किलोमीटरचा रस्ता दुचाकीला मोकळा आहे, आणि राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोलही नाही. वर्षातून चार वेळा त्या वाटेने जाणाऱ्याने ही खुशाल घ्यावी. मुंबईला जाताना खंडाळ्याच्या जुन्या घाटात शिंगरोबाच्या देवळापाशी नाणे टाकायला थांबण्याचे भाग्यही द्रुतगतीवाल्यांना लाभत नाही.

पण कोकणात जायचे असेल तर? मुंबई-गोवा रस्त्याचे चौपदरीकरण २०११ पासून चालले आहे, त्यावर अधिक काय लिहावे! या गाडीचे पोट जमिनीपासून जेमतेम १३५ मिलिमीटरवर. गावागावांनी स्वयंस्फूर्तीने घातलेले गतिरोधक तिला मोजून घेतात. २०२३ साली आलेल्या ‘हिमालयन ४५०’ चे पोट २३० मिलिमीटरवर आहे. आपल्याकडे अशा उंच पायांच्या गाड्यांकडे ओढा वाढला तो उगाच नव्हे. ज्याला आवरण, पेट्या आणि दिवसभराची बैठक हवी, पण सोळा लाखांचा धीर नाही, त्याला ३५०-४०० सीसीच्या वर्गात पुष्कळ निवड आहे. २०१६ च्या डिसेंबरात बजाजने ३७३ सीसीची ‘डॉमिनार’ आणल्यापासून दूरच्या प्रवासाची गाडी म्हणजे विलायती गाडी हे समीकरण राहिलेले नाही. ८० च्या मर्यादेत ४० घोडे पुरून उरतात. माझे मत विचाराल तर दहांतल्या आठ जणांनी याच वर्गात थांबावे.

आणखी एक गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. युरोपात परवाने पायरीपायरीने मिळतात. मधल्या, ‘ए२’ नावाच्या परवान्यावर ३५ किलोवॉटच्या, म्हणजे सुमारे ४७ घोड्यांच्या वरची गाडी चालवता येत नाही. आपल्याकडे शंभर सीसीवर आठचा आकडा काढून दाखवणाऱ्यालाही तोच परवाना १३५ घोड्यांची मुभा देतो. वीस वर्षे स्कूटर चालवलेला हात या बाबतीत नवशिकाच समजावा. चालवण्याचे शिक्षण देणारे वर्ग आता आहेत. गाडीआधी त्यांची फी भरावी.

दुकानात ‘चक्कर मारून बघा साहेब’ म्हणतात तेव्हा सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर जाऊ नये. मे महिन्याची दुपार आणि भरगर्दीचा सिग्नल निवडावा, म्हणजे रेडिएटरचा पंखा मांड्यांवर काय सोडतो ते कळेल. इंजिन बंद करून तिला उतारावरच्या जागेतून मागे ढकलून पाहावे. आणि मागच्या बैठकीवर जिला बसायचे आहे तिला बरोबर न्यावे, निदान तासभर बसवावे. तिने उतरल्यावर कंबरेला हात लावला तर सहीचा कागद तूर्त मिटून ठेवावा, पाडवा पुढच्या वर्षीही आहे.